नांदेडवर कुरडया घालू नका

"म्हातारं नांदेडवर कुरडया घालू देईना झालंय."

"मग उदगीरवर घाला की. ऊन बी चांगलं हाय तिकडं."

जिन्यातून हे बोलणं ऐकू आलं तेव्हा मी आणि आई लातूरच्या त्या खोलीत स्टोव्ह कुठं ठेवायचा याचा विचार करत होतो. माझ्या क्लाससाठी आदल्याच दिवशी आम्ही नांदेडहून सामान घेऊन आलो होतो. आई डबे लावायचं थांबली. नांदेडवर कुरडया घालणं म्हणजे काय, हे दार उघडून विचारायचा तिला मोह झाला. मला तो कधीच होत नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं. हातात चिकाचं पातेलं आणि काखेत सोऱ्या घेऊन एक बाई गच्चीवर निघाली होती आणि दुसरी तिच्यामागून प्लॅस्टिकचा कागद नेत होती. पुढं कळलं, पहिली म्हणजे शेजारच्या खोलीतल्या किनवटच्या मुलीची आई.

तीन राज्यांचे कोपरे एकत्र करून त्यांचं एक शहर वसवणारा आणि ते घराच्या गच्चीवर मावेल इतकं आटोपशीर ठेवणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो आमचा घरमालक होता. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पांढरं धोतर, त्यावर मुलाचा जुना टी-शर्ट, आणि बोटांच्या टोकांना कायम चुना. अनोळखी माणसाला वाटे, अप्पा लई तंबाखू खातात. अप्पा तंबाखूला शिवत नसत. तो चुना शहराचा होता.

शहर असं होतं. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी, तिथं नांदेड. टाकी भरून वाहिली की ती गोदावरी. जिन्याच्या तोंडाशी लातूर. मधोमध उदगीर, त्याच्या खाली अँटेनाच्या खांबाला टेकून बीदर, आणि कपडे वाळत घालायच्या तारेखाली देगलूर ओलांडलं की निजामाबाद. माहूर उंचावर हवं म्हणून दोन विटांवर. हे सगळं चुन्यानं काढलेल्या रुंद रस्त्यांनी जोडलेलं, आणि दर पावसाळ्यात धुऊन गेलं की दसऱ्यानंतर पुन्हा काढलेलं. सरहद्द मात्र कुठंच काढलेली नव्हती. एकदा क्लाससाठी तिथंच खोली घेऊन राहणाऱ्या एका मुलीनं अभ्यासाची हुशारी दाखवत विचारलं, "अप्पा, महाराष्ट्र कुठं संपतो यात?" अप्पा म्हणाले, "संपायला काय झालंय त्याला? हाय की चांगला."

त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण महाराष्ट्राच्या कोपऱ्यात, बीदर कर्नाटकाच्या कोपऱ्यात, निजामाबाद आंध्राच्या कोपऱ्यात (तेव्हा ते आंध्रात होतं). कोपऱ्यात बसलेल्याच्या पानात वाढपी शेवटी येतो. मग तिन्ही कोपरे जोडून मध्यच इथं आणला तर? विमानतळ देगलूरला, मोठं हॉस्पिटल उदगीरला, कॉलेजं सगळीकडं, आणि रेल्वे गोल फिरती, म्हणजे चुकून पुढं गेलेला माणूस परत आपल्या गावाला येतो. "मग मुख्यमंत्री कोण?" असं माझ्या बाबांनी विचारलं. "तिघं बी. दोन-दोन दिवस यायचं ज्यानं त्यानं. रविवारी शहर आमचं."

बाबा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात होते आणि रविवारी मला भेटायला येत. नांदेड मोठं की लातूर, आणि कुठलं सरकारी ऑफिस कुठं व्हावं, यावर त्या काळात दोन नांदेडकर आणि एक लातूरकर भेटले की वाद ठरलेला असे. बाबाही भांडायच्या तयारीनंच गच्चीवर जात. एका रविवारी त्यांनी नांदेडचा इतिहास, गुरुद्वारा, नदी, बाजारपेठ असं सगळं पाठ म्हटल्यासारखं ऐकवलं. अप्पांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "सगळं खरं हाय सायेब. पण तुमच्या नांदेडात पूर आलाय. मोटार बंद करून या आधी." बाबा पळत खाली गेले. टाकी वाहत होती.

अप्पा आम्हा मुलींना नावानं कधी हाक मारत नसत. किनवट, माहूर, देगलूर अशा हाका गच्चीवरून जिन्यात येत. "किनवट, तुझा टॉवेल निजामाबादेत पडून राहिलाय." "देगलूर, नळ टपकून राहिला, बंद कर." मी अर्थातच नांदेड. आमच्या शाळेत सगळे मला आडनावानं हाक मारत, तेही इंग्रजी वळणानं. गावाच्या नावानं हाक आली की पहिल्यांदा संकोच वाटायचा, एवढ्या मोठ्या गावाच्या वतीनं ओ द्यायची म्हणजे. मी ओ देत नसे. नुसती जाऊन उभी राहत असे.

आणि गच्चीचा एक नियम होता. जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत अप्पा बसलेले असत आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "कुठून कुठं?" मुली ओरडत, "घरून घरी!" मग अप्पा पाय आवरून वाट देत. कपड्यांची बादली असो की कुरडयांचं पातेलं, उत्तर दिल्याशिवाय प्रवेश नाही. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या शहराचा तो जकातनाका आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मला मात्र ते दोन शब्द मोठ्यानं म्हणता येत नसत. खोलीत मी ते म्हणून पाहिले होते. गच्चीवर गेलं की मी बादली घेऊन उभी राहायची, अप्पा माझ्याकडं पाहायचे, आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "जा. उधारीवर जा."

या माणसानं दोन मजली घर बांधलं होतं, पण ते स्वतः त्या घरात कधी शिरत नसत. हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. नळाची तक्रार असली तर ते उंबऱ्याबाहेर उभे राहून, मान आत घालून प्लंबरला सूचना देत. आईनं पुरणपोळीला बोलावलं तर ताट अंगणात घेऊन बसले. जिना घरातून जात होता म्हणून त्यांनी मागच्या भिंतीला लोखंडी शिडी लावून घेतली होती आणि सत्तरीच्या घरातला तो माणूस दुधाची किटली दातात धरून शिडीनं वर जायचा. गच्चीच्या दक्षिणेला, औशाच्या पलीकडं म्हणता येईल अशा जागी, पत्र्याची खोली होती. तिथं ते झोपत. मे महिन्यात तो पत्रा इतका तापे की किनवटची आई म्हणायची, "भाकरी थापली तर वरच भाजंल." लोक म्हणत, म्हातारा चक्रम आहे. खोल्या भाड्यानं देता याव्यात म्हणून स्वतः पत्र्यात राहतो, असंही काही म्हणत. मी फक्त बघत होते.

त्या पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी मी टेबलापाशी गणितं सोडवत होते. आई भाजी आणायला गेली होती. जमिनीखालून लांबवर गुरगुरल्यासारखा आवाज आला, भांड्यांच्या मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून वाजले, आणि मुली किंचाळत बाहेर धावल्या. मी धावले नाही. शूर होते म्हणून नव्हे. माझे पाय उठलेच नाहीत. आणि मग मला अप्पांचा आवाज ऐकू आला, घराच्या आतून. ते जिन्यात उभे होते, स्लॅबच्या खाली, भिंतीला दोन्ही हात लावून, आणि एकेक हाक मारत होते. "किनवट! माहूर! देगलूर!" बाहेरून ओ येत होती. "नांदेड!" माझी ओ गेली नाही. "नांदेड! ए नांदेड!" मग ते खोलीत आले. उंबरा ओलांडून आत. माझ्या खुर्चीसकट मला ओढलं आणि अंगणात आणून सोडलं.

काही पडलं नाही. एक पेला तेवढा फुटला. असे आवाज त्या भागात अधूनमधून होतातच. मुली दहा मिनिटांत हसायला लागल्या. अप्पा कडुनिंबाखाली बसून राहिले होते आणि अजून घराकडंच बघत होते. किनवटच्या आईनं पाणी दिलं. ते पिऊन, कुणी विचारलं नसताना, ते बोलले. सलग नाही, मधे थांबत.

त्यांचं गाव औशाच्या पलीकडं होतं. भूकंपात दगडमातीचं घर बसलं. आई गेली, बायको गेली. मुलगा लातूरला शिकायला खोली करून राहिला होता, म्हणून तेवढा राहिला. "म्हणून खोल्या बांधल्या," अप्पा म्हणाले. "शिकायला आलेलं पोर वाचतं." त्यांना स्वतःला मातीखालून काढलं ते बीदरकडून आलेल्या पोरांनी. "बर्री, बर्री म्हणत होते. या, या म्हणून. आपल्या लोकांच्या आधी पोचले ते. त्यांचं गाव विचारायचं राहिलं माझं." ते चुन्याच्या बोटांकडं पाहत राहिले. "मग सगळं बीदरच घेतलं शहरात. कोण म्हणून सोडावं?"

नवं गाव नंतर वसलं. सरळ रस्ते, ओळीनं घरं, पण कोण कुणाचा शेजारी राहिला नाही. जुन्या गावाला वेस होती. तिथं म्हातारी माणसं बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, कुठून कुठं? परगावचा माणूस गावाचं नाव सांगे. गावचा माणूस म्हणे, घरून घरी. "नव्या गावाला वेसच न्हाई. विचारायला बसावं कुठं?"

मला अप्पांना काहीतरी सांगायचं होतं. आभार वगैरे. त्यासाठी माझ्याकडं इंग्रजीत चार-पाच वाक्यं तयार होती आणि मराठीत एकही नव्हतं. मी फुटलेल्या पेल्याचे तुकडे गोळा केले.

दुसऱ्या उन्हाळ्यात, आमची परीक्षा तोंडावर असताना, अप्पांचा मुलगा पुण्याहून आला. आमच्या गल्लीत प्रत्येक घरावर मजला चढत होता. क्लासला येणाऱ्या मुलामुलींना खोल्या पुरत नव्हत्या. त्यालाही मजला चढवायचा होता. पण खरं सांगायचं तर त्याला खोल्यांची घाई नव्हती, त्याला वडिलांची भीती वाटत होती. आदल्या आठवड्यात ते उन्हानं चक्कर येऊन शिडीवरून घसरले होते. "त्या पत्र्यात एखाद्या दिवशी तुम्ही गेलात तर मला फोनवर कळणार का, अप्पा?" असं तो गच्चीवर म्हणाला. खालची पुढची खोली त्यानं रंगवून घेतली होती. कूलर आणला होता.

आज त्या घरावर तो मजला आहे. आणि त्या मजल्याच्याही वर पत्र्याची खोली आहे, आता तिच्यावर गवताचं छप्पर आणि बाजूला रुंद, बाहेरून चढणारा जिना आहे, आणि तिच्यासमोर सगळं शहर पुन्हा काढलेलं आहे, फक्त एक मजला उंच. मुलानं हे कसं मान्य केलं, असं लोक विचारतात. अप्पा म्हणतात, "पोरगं शिकलेलं हाय." मला जे ठाऊक आहे ते त्या रविवारच्या सकाळचं आहे.

मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आले होते. गच्चीवर मुलगा आणि मिस्त्री होते. मिस्त्रीनं खडूनं खुणा केल्या होत्या, एक कॉलम नांदेडवर, एक बीदरवर. तो भला माणूस होता. दरवेळी खूण करताना "माफ करो अप्पा, ये शहर के बीच में आ रहा" असं म्हणत होता. मोजमापासाठी त्यानं शिडी काढून पुढच्या बाजूला नेली होती. आपल्या शहराबद्दल कुणालाही तासभर ऐकवणारे अप्पा त्या सकाळी नुसते आपली वळकटी बांधत बसले. मुलानं त्यांची वळकटी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "चला अप्पा, खाली." ते म्हणाले, "बरं."

मुलगा दोन पायऱ्या उतरला. अप्पा जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबले. पुढं स्लॅबखालचा अंधार होता. त्यांनी भिंतीला हात लावला, जसा त्या दुपारी लावला होता. त्या दुपारी आतून मुलींना बाहेर काढायचं होतं. आज बाहेर काढायला आत कुणी नव्हतं. पाय उचलेना.

"अप्पा, चला ना," मुलगा म्हणाला. मग खाली मला पाहून म्हणाला, "जरा बाजूला हो. त्यांना उतरू दे."

मी बाजूला झाले नाही. बादलीची कडी हातात रुतत होती. जिन्यात आम्ही तिघं एकाखाली एक उभे होतो आणि वर उजेडात अप्पांची ती खुर्ची रिकामी दिसत होती. मी अप्पांकडं पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच विचारलं नाही. मुलगा पुन्हा म्हणाला, "अगं, ऐकू येत नाही का? कुठं जायचंय तुला?"

मी त्याच्याकडं न बघता, त्याच्या खांद्यावरच्या वळकटीच्या वरून, अप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"घरून घरी."