साडेसातची मालिका

साडेसातला शेजारच्या नलूताई नेहमीसारख्या आल्या, तर टीव्हीवर मालिकेऐवजी कुणीतरी तवे विकत होतं. माझी पत्नी आणि त्या ही मालिका रोज एकत्र बघत. पत्नी गेल्यावरही नलूताई येत राहिल्या, आणि मी पुस्तक उघडून शेजारी बसू लागलो.

त्यांनी केबलवाल्याला फोन करून झापलं.

"काकू, माझ्यावर काय ओरडता? वाहिनीनंच मालिका गुपचूप दुपारच्या वेळेला हलवलीय."

"तरीच!" फोन ठेवत त्या मला म्हणाल्या. "आधी मालिकेतल्या मोठ्या काकांना काशीला धाडलं, मग लग्न स्वयंपाकघरात उरकलं. पैसे वाचवतायत मेले!"

मला हसू आलं. मालिकेतलं घर एकेका माणसानं रिकामं होत होतं. खऱ्या घरांतूनही माणसं अशीच, आगाऊ न सांगता कमी होतात.

दुपारी नलूताईंच्या शिकवण्या असतात. म्हणजे आता माझ्याकडे यायला त्यांना कारण उरलं नव्हतं. त्या उठल्या. मी पुस्तकात बघत राहिलो. ओळ पुढे सरकेना.

त्यांनी पंखा जरा वाढवला आणि पुन्हा येऊन बसल्या.

"बघू तरी भाऊजी, हा तवा किती वर्षं टिकतो म्हणतायत."