बेसमेंटमधली बॅटरी

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण मनातल्या मनात लाल शेरा मारत. आम्ही नागपूरचे बौद्ध. घरात अंगारे-धुपारे कधी नव्हते. पडताळल्याशिवाय काही मानायचं नाही, हे वडिलांनी लहानपणीच बजावलेलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर. त्यामुळे खाली लिहितोय ते माझं मलाच पटत नाही, हे आधी सांगून ठेवतो.

आम्ही कॅनडात, एडमंटनच्या दक्षिणेला एका टाउनहाउसमध्ये राहतो. मी, पत्नी अर्चना आणि मुलगी. गॅरेज नाही, गाडी बाहेर उघड्यावर. जुनी सेडान, किल्ली फिरवून सुरू होणारी. वडील गेल्यावर आईला नागपूरहून आमच्याकडे आणलं. वय सत्याहत्तर, दमा जुना. घरात तापमान तेवीस ठेवायचो, दोन-दोन मोजे घालायची, तरी तिचं एकच.

"पाय काही गरम होत नाही रे राजू. फ्रिजरमंधी ठेवलं तुम्ही मले. मटार होय का मी?"

"आजी, इट्स ओन्ली मायनस ट्वेंटी!" मुलगी म्हणायची.

"आग लागो तुह्या मायनसले," आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

गेल्या जानेवारीत पारा उणे अडतीसवर गेला. इथे अशा थंडीत गाडीला रात्रभर विजेची वायर जोडून ठेवतात, म्हणजे ब्लॉक हीटर इंजिनाला थोडी ऊब देतो. आमची ती वायर थंडीने कडक होऊन तुटलेली. बॅटरीही थकलेली, रात्रभर बाहेर टिकली नसती. म्हणून संध्याकाळी मी ती काढली आणि बेसमेंटमध्ये चार्जरवर लावली. गाडीत उरलेल्या दोन केबलींची टोकं आईच्या एका फाटक्या लोकरी मोज्यात घालून सुतळीने बांधली. सकाळी एलआरटीने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, ऑफिसला गेलो. अर्चनाला सांगायचं राहिलं. ती घरूनच काम करते, गाडी लागणार नव्हती.

दुपारी तिचा मेसेज आला — आईंना इमर्जन्सीत आणलंय, आता बऱ्या आहेत, गाडी पार्किंगमध्ये आहे.

गाडी? मला वाटलं, शेजाऱ्यांची घेतली असेल.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा आई ऑक्सिजनवर होती, झोपलेली. अर्चना हुंदके देत सांगत होती. सकाळी आईला दम लागला, पंपाने उतरेना, ओठ निळे पडायला लागले. अँब्युलन्सला फोन केला. ते निघाले होते, पण बर्फावर सगळीकडे अपघात, वेळ लागणार होता. मग हिने आईला ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीत घातलं. "डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर... अहो, आपली गाडी एका किल्लीत सुरू झाली. मी तर हात जोडले तिला."

"आपली?"

"मग कोणाची? बी पार्किंगमध्ये आहे, खांबाजवळ. घरून त्यांची औषधं आणायचीत, जाऊन येता का?"

तिने किल्ली हातात ठेवली. किल्ली आमचीच होती.

खांबाजवळ आमची गाडी उभी होती. नंबर दोनदा वाचला. आत बसून किल्ली फिरवली. काही नाही... साधा टिक आवाजही नाही. बाहेर येऊन बॉनेट उघडलं.

बॅटरीची जागा रिकामी होती. केबलींवर आईचा मोजा तसाच, त्यावर सुतळी तशीच. मी नेहमी दुहेरी गाठ मारून टोक आत खोचतो. तेही खोचलेलंच होतं.

पहिला विचार आला चोरीचा. घरात दुसरी बॅटरी नव्हती, पण समजा अर्चनाने कुठूनतरी आणून लावली आणि इथे कोणी चोरली. तरी चोर मोजा परत बांधून का जाईल? आणि ज्या बाईला बॉनेट कुठून उघडतं ते माहीत नाही, ती बॅटरी कशी बसवेल?

बसने घरी गेलो. बेसमेंटमध्ये बॅटरी चार्जरवर होती, हिरवा दिवा लागलेला. हात लावला, कोमट होती. औषधं आणि बॅटरी घेऊन टॅक्सीने परत आलो. सुतळी सोडली, बॅटरी बसवली. गाडी सुरू झाली. ऑइल चेंज जवळ आल्यामुळे ओडोमीटरचा आकडा माझ्या डोक्यात होता. तो आदल्या संध्याकाळचाच होता. घर ते हॉस्पिटल नऊ किलोमीटर आहे.

अर्चनाला आठवड्याने सांगितलं. ती हसलीच.

"तुम्ही काढायची विसरला असाल. बॅटरीशिवाय गाडी चालते का?"

"तेच तर म्हणतोय मी."

"अहो, हीटर चालू होता! बसल्या बसल्या गरम हवा येत होती. मला कोटाची चेन काढावी लागली."

उणे अडतीसमध्ये, चांगल्या बॅटरीवरही, गाडीत गरम हवा यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

आई घरी आली, पण सावरली नाही. फुप्फुसं संपलीच होती. डॉक्टरांनी आम्हाला तसं स्पष्ट सांगितलं. मार्चमध्ये तिचं बोलणंही तुटक झालं. पण एक गोष्ट ती पुन्हापुन्हा सांगायची.

"त्या दिवशी गाडीत पाय गरम झाले माहे. इथं आल्यापासून पहिल्यांदा. पार मांड्यांपर्यंत. राजू, त्या गाडीत बसव ना मले."

एका दुपारी तिला उचलून नेलं. आधी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, हीटर पूर्ण, मागची सीट गरम. मी पुढे बसून घामाघूम. आई जरा वेळ खिडकीकडे बघत बसली.

"थंड आहे रे," ती म्हणाली. "हे ते नोहे. ते गाडी आण."

"आई, गाडी हीच आहे."

"नाही. ते."

त्याआधी मी बॅटरी काढून तीन वेळा किल्ली फिरवून पाहिली होती, अर्थातच काही झालं नव्हतं. पण तिन्ही वेळा गाडीत मी एकटा होतो. एक चाचणी उरली होती: बॅटरी काढायची, आईला मागे बसवायचं आणि किल्ली फिरवायची. त्या दुपारी मी पाना हातात घेऊन बॉनेटपाशी उभा राहिलो. काचेतून ती माझ्याकडे बघत होती... आशेने.

गाडी सुरू झाली नसती, तर तिला पुन्हा थंड गाडीतून घरात न्यावं लागलं असतं, बस्स. पण झाली असती तर? पहिल्यांदा ती गाडी हॉस्पिटलला गेली. या खेपेला कुठे गेली असती? मी पाना खिशात टाकला आणि आईला आत नेलं.

बारा दिवसांनी ती गेली. शेवटच्या सकाळी तिचे पाय हातात धरून बसलो होतो. बर्फासारखे होते.

गाडी अजून आहे. मेकॅनिकला दाखवली, वायरिंग स्वतः तपासलं, काही सापडलं नाही. उत्तर माझ्याकडे नाही. शेवटची चाचणी केली नाही ते बरोबर की चूक, हेही आता कळण्याचा मार्ग नाही. तो लोकरी मोजा मात्र मी टाकलेला नाही. त्याच्या जोडीचा दुसरा आईच्या पायात होता, तो तसाच ठेवून तिला निरोप दिला.