शिवलालभाऊचे कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण परवा आमगावच्या पानठेल्यावर चार जण पुन्हा तोच वाद घालत होते आणि मी पुन्हा तिथं उभा राहून नुसती मान हलवली. स्वतःचा असा संताप आला की घरी येऊन ताटावर बसवेना.

वाद जुनाच. आमच्या फुटबॉल टीमचा स्टॉपर, म्हणजे गोलासमोरचा मधला बचावपटू, शिवलालभाऊ एका हंगामात पार उतरला, टीमबाहेर बसला, आणि वर्षभरानं, चाळिशीला टेकलेला असताना, तिरोड्याच्या स्पर्धेत असा खेळला की आमच्यावर एकही गोल झाला नाही. हे झालं कसं? कुणी म्हणतं, तंबाखूचा खर्रा सोडला म्हणून. कुणी म्हणतं, तेलाचा गुण.

"अबे, कान खुलले त्याचे, म्हणून खेळून राहिला!"

"कानानं खेळते का बे फुटबॉल?"

इतक्या वर्षांनीही भांडतात. आणि मला ओरडून सांगावंसं वाटतं— अरे, तो बिघडलाच कधी होता?

थांबा. नीट सांगतो.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला. मला टीममध्ये आणलं शिवलालभाऊनं. तो दिवसभर राईस मिलमध्ये मशीनवर असायचा आणि संध्याकाळी मैदानावर. गोलात उभं राहायला, पडताना खांदा वाचवायला त्यानंच शिकवलं. आमच्याकडे मैदानावरच्या हाका हिंदीतच. कीपर ओरडतो, ‘छोड, मेरा!’— आणि बॅकनं बॉल सोडायचा. भाऊ म्हणायचा, "तू आवाज देल्ला का मी सोडला समज, बाबू. वळून पायनार नाही."

गोंदियाच्या टीमशी सेमीफायनल होती. शेवटची काही मिनिटं, बरोबरी. उंच बॉल आला. भाऊ बरोबर त्याच्याखाली— डोक्यानं काढणारच होता. मी ओरडलो, ‘छोड, मेरा!’ त्यानं मान बाजूला घेतली.

आणि मी हललोच नाही. त्यांचा फॉरवर्ड अंगावर धावत येताना दिसला. घाबरलो. दुसरा शब्द नाही त्याला. बॉल एक टप्पा घेऊन आत गेला.

कडेला ढोल वाजत होता, माझी हाक भाऊशिवाय कुणालाच ऐकू गेली नव्हती. लोकांना दिसलं एवढंच, की भाऊनं हातचा बॉल सोडला. "काऊन सोडला बे, म्हाताऱ्या?" सगळं मैदान त्याच्यावर तुटून पडलं. तो माझ्याकडे आला. रागात नव्हता. त्यानं विचारलं, "तू आवाज देल्ला होता ना, बाबू?"

मी म्हणालो, "नाही, भाऊ."

विद्यापीठाच्या टीमची निवड जवळ आली होती आणि निवड करणारे सर बाहेर खुर्चीवर बसले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात ते होतं, एवढंच.

तो मला खोटारडा म्हणाला असता तर? निदान एक शिवी तरी? पण माझ्यावर संशय घ्यायचं त्याला सुचलंच नाही. त्यानं तो स्वतःच्या कानांवर घेतला. "मिलचा आवाज भरला असन डोस्क्यात," म्हणाला.

इथंच थांबलो असतो तरी— पण नाही. त्याच संध्याकाळी पानठेल्यावर लोकांनी मला विचारलं, आणि मी पुस्तकी आवाजात सांगितलं की वर्षानुवर्षं मशीनजवळ उभं राहिलं की माणसाचे कान जातात. शिकलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? आठ दिवसांत भाऊ टीमबाहेर. तो गोंदियाला डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरनं तपासून सांगितलं, कान चांगले आहेत. त्याला ते पटलं नाही. डॉक्टरपेक्षा त्याचा माझ्यावर विश्वास जास्त होता. मग कुठल्याशा वैदूचं तेल रोज कानात घालू लागला.

माझी निवड झाली. विद्यापीठाकडून खेळल्याच्या प्रमाणपत्रावर पुढे नोकरीही लागली.

वर्षभरानं आमच्या नव्या स्टॉपरचा पाय मोडला म्हणून भाऊला पुन्हा बोलावलं. आता तो कुणाच्याच हाकेवर बॉल सोडत नव्हता. मी घसा फोडून ओरडलो तरी आधी वळून माझ्याकडे बघायचा, आणि बहुतेक वेळा स्वतःच काढून टाकायचा. आमच्यावर गोल होईनात ते त्यामुळे. लोक त्याला फॉर्म म्हणत होते. मला ते त्याचं मागे वळून बघणं सहन होत नव्हतं.

तिरोड्याला जिंकून आल्यावर पानठेल्यावर गर्दी जमली. भाऊनं सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी नुसत्या शिव्या देल्ल्या. या बाबूनं तोंडावर खरं सांगतलं, म्हणून इलाज झाला." लोकांनी माझी पाठ थोपटली. मी हसलो. तेवढंच केलं.

भाऊनं आता पन्नाशी ओलांडली आहे. कान अजूनही चांगले असावेत. पण तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो, ऐकलेल्याची खात्री करून घेतो. म्हणून घरचे, मिलमधले, सगळेच त्याच्याशी मोठ्यानं बोलतात.

मीही मोठ्यानंच बोलतो.