साहेबांबरोबर रत्नागिरीच्या खाडीत

रत्नागिरीला जायचं आम्ही ठरवलं नव्हतं. ते साहेबांनी ठरवलं. आमच्या खात्याचं नाव लिहीत नाही. धरणं, कालवे आणि पाटाचं पाणी हा त्याचा कारभार, एवढं सांगितलं की यवतमाळकर वाचकांना पुरे. त्या खात्यात मी वरिष्ठ लिपिक आणि इंगोले साहेब कार्यकारी अभियंता. त्या वर्षी माझी बढती व्हायची होती आणि माझा गोपनीय अहवाल लिहायचे ते साहेब. प्रवास सवलतीचा माझा अर्ज टेबलावर गेला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

"गावंडे, कुठे चाललात?"

"तिरुपतीला, साहेब."

"देव काय कुठेही भेटतो हो. समुद्र बघा. आम्हीपण येतो. दोन्ही कुटुंबं मिळून रत्नागिरीला जाऊ."

घरी येऊन इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सामान तुम्ही उचलायचं." लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तिचे अंदाज सहसा चुकत नसत.

आम्ही डिसेंबरात निघालो. यवतमाळहून बडनेरा, तिथून गाडीने कोल्हापूर आणि कोल्हापूरहून एस.टी.ने आंबा घाट. सामान चौघांचं होतं, पण हात माझे दोनच. घाटात एका वळणावर मला आणि साहेबांच्या पत्नीला, विमलबाईंना, एकाच वेळी मळमळू लागलं. साहेब म्हणाले, "गावंडे, आधी बाईंना खिडकी द्या." मी खिडकी दिली आणि पुढचे वीस मैल माझी पिशवी पोटाशी धरून बसलो.

रत्नागिरी जवळ आली तशी माती लाल होत गेली आणि दगडही लाल. घरांच्या भिंतीसुद्धा तांबड्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या). उतारावर गाडी वळली आणि समोर एकदम समुद्र दिसला. मी तोवर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. इंदूने माझा दंड घट्ट धरला. साहेबांनी मात्र डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "साठा भरपूर आहे, पण नियोजन नाही."

उतरायला एका परिचिताने सुचवलेलं घर होतं. माडीवर दोन खोल्या आणि खाली घरगुती खानावळ. खानावळ चालवणारे काका पंचा नेसून ओटीवर सुपारी कातरत बसलेले. साहेबांनी खुर्चीवर बसून विचारलं, "काय काय मिळतं?"

"जेवण."

"ते झालं हो. मेनू काय आहे?"

"जेवणच आहे. पानावर वाढलं की दिसेल."

पानावर भात, कुळथाचं पिठलं, फणसाचा पापड, सांडगी मिरची आणि सोलकढी आली. इंदूला सोलकढी इतकी आवडली की तिने तीन वाट्या घेतल्या. साहेब पापलेटासाठी साडेसहाशे मैल आले होते. त्यांनी विचारलं, "मासे?"

"मासे सकाळी सांगावे लागतात. आता संध्याकाळ झाली."

"मग उद्यासाठी आत्ताच सांगतो."

"उद्या सोमवार. सोमवारी आमच्याकडे होत नाहीत."

"परवा?"

काकांनी मागच्या भिंतीवरच्या पंचांगाकडे न बघताच उत्तर दिलं. "परवा अंगारकी."

बंदराजवळ मासे देणाऱ्या दोन खानावळी होत्या. तिथून जाताना तळणीचा वास असा यायचा की पाय आपोआप हळू पडत. पण तिथे खलाशी आणि हमाल बाकावर बसून जेवत होते. साहेब म्हणाले, "आपल्याला तिथे बसणं बरं दिसणार नाही." यवतमाळातलं कोण आम्हाला तिथे बघणार होतं, ते मी विचारलं नाही. अशा रीतीने, जिथल्या हवेलासुद्धा माशांचा वास आहे त्या गावात आम्ही तीन दिवस कुळथाच्या पिठल्यावर काढले.

मधल्या वेळात रत्नागिरी पाहिली. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी कैदेत आणून ठेवलं तो राजवाडा पाहिला. साहेब त्याच्या गच्चीवर बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. राजाबद्दल त्यांना सहानुभूती वाटत असावी. किल्ल्यावर गेलो, देवीला नारळ दिला. संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न होता. काकांना विचारलं तर म्हणाले, "बंदरावर जावं."

"तिथे काय असतं?"

"बंदर."

"लोक काय करतात?"

"नवीन कोण आलंय ते बघतात. सध्या तुम्ही आहात."

खरंच तसं होतं. मांडवीच्या धक्क्यावर निवृत्त मास्तर, बागायतदार, कचेरीतले कारकून ओळीने बसलेले होते. आम्ही त्यांच्यासमोरून एक फेरी मारली तेवढ्यात त्यांना आमचं गाव, पगार आणि माझा हुद्दा कळला होता. साहेबांचा हुद्दा साहेबांनी स्वतः सांगितला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पाण्याचे इंजिनिअर? वा. मग आमच्या नळाचं बघा. परवापासून आला नाही."

बुधवारी साहेबांनी होडीतून खाडी पाहायचा बेत केला. खाडीकाठच्या राजिवड्याचे एक नाखवा (होडीचे मालक), इब्राहिम नावाचे, तयार झाले. साठीचे, काटक, अंगात बनियन आणि डोक्याला रुमाल. आदल्या दिवशी त्यांनी बजावलं होतं, "सात वाजता या. भरती आहे तवर जाऊन येऊ." साहेबांची दाढी, पूजा आणि पोहे आटोपून आम्ही दहा वाजता पोहोचलो.

नाखव्यांनी पाण्याकडे हात केला. "सायब, सुकती (ओहोटी) लागली. आज नको. उद्या या."

"पाण्याचं मला सांगता? मी रोज हजारो एकरांना पाणी सोडतो."

"तुमी सोडता तेवा ते येतं. हे आपलं आपणच जातं."

"चला हो, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे."

नाखव्यांनी क्षणभर साहेबांकडे पाहिलं, मग दोघींकडे. "चला तर. पण बसायची तयारी ठेवा," असं म्हणून त्यांनी घरातून तांदळाची पिशवी आणि स्टोव्ह आणून होडीत ठेवला. मला वाटलं, त्यांचं स्वतःचं जेवण असेल.

शीड उभारलं आणि वाऱ्याने होडी आत निघाली. दोन्ही काठांना माड, मागे लाल डोंगर, पाण्याला टेकलेली हिरवी झुडपं. विमलबाई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या, "किती छान आहे ना!" साहेबांना मात्र डावीकडच्या फाट्यात एक बांध दिसला होता. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध आणि त्याला लाकडी झडप.

"तिकडे घ्या. मला तो दरवाजा बघायचा आहे."

"तिकडे गाळ आहे, सायब. अडकू."

"मी सांगतो ना, घ्या."

नाखव्यांनी घेतली. साहेबांनी झडप पाहिली, तिच्यात तीन दोष काढले आणि मला टिपून ठेवायला सांगितले. मी टिपून ठेवले. परत वळलो आणि पन्नास पावलांवर होडी मऊपणे थांबली. वल्ह्याने ढकलून पाहिलं. होडी हलेना. आजूबाजूचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत सरकून चाललं होतं.

"आता?" साहेब म्हणाले.

"आता चार वाजता," नाखवा म्हणाले आणि त्यांनी बिडी पेटवली.

तेव्हा अकरा वाजायचे होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं आणि मग, खात्याच्या रीतीप्रमाणे, मला पाहिलं. "गावंडे, उतरा. मागून जोर लावा."

मी चपला काढल्या. नाखवा ओरडले, "या बाजूला नको! त्या बाजूला रेती आहे!" पण साहेबांनी बोट दाखवलं होतं या बाजूला, आणि चौदा वर्षांच्या नोकरीत मी साहेबांच्या बोटापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. मी उतरलो. गुडघ्यापर्यंत गेलो, मग मांडीपर्यंत. पाय उपसायला गेलो तर दुसरा आणखी खाली. गार, काळा, मऊ गाळ. मग कंबरही बुडाली. खरं सांगतो, मला त्या वेळी देव आठवला नाही. यवतमाळच्या घरातली कंदिलाची काच पुसायची राहिली आहे, एवढंच आठवलं.

नाखव्यांनी बिडी फेकली, तळातली फळी उचलून गाळावर आडवी टाकली, तिच्यावर पोटावर झोपले आणि माझ्या दोन्ही काखांत हात घातले. "हलू नका. जोर करू नका. आडवे व्हा." इंदूने माझी कॉलर पकडली, विमलबाईंनी इंदूची कंबर. साहेब होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि "सावकाश, सावकाश" म्हणत होते. दहा मिनिटांनी मी होडीत होतो, चिखलाने काळा.

साहेब म्हणाले, "तुम्ही चुकीच्या ठिकाणी पाय ठेवलात, गावंडे."

इंदू कधी साहेबांशी बोलली नव्हती. त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेली तरी मान खाली घालून परत यायची. ती वळली. आवाज चढवला नाही.

"साहेब, यांची बढती तुमच्या हातात आहे. नवरा माझा आहे. परत यांना उतरा म्हणू नका."

विमलबाईंनी आपल्या पदराने माझ्या तोंडावरचा चिखल पुसला. माझ्या डोक्यात मात्र बढतीचा कागद फाटल्याचा आवाज झाला.

बारा वाजता पाणी पार उतरलं आणि दुसऱ्या बाजूची रेती उघडी पडली. काठावरच्या वाडीतल्या पाच-सहा बायका लुगड्याचे काचे मारून, टोपल्या घेऊन आल्या. वाळू उकरून त्या तिसऱ्या (शिंपल्यातले छोटे जीव) वेचत होत्या. अडकलेली होडी पाहून एकीने विचारलं, "काय ओ नाखवा, पावणे वाळत घातलेत?"

सगळ्या हसल्या. इंदूही हसली, आणि साडी खोचून उतरली. पाठोपाठ विमलबाई. साहेबांनी "अहो, अहो" केलं, पण त्या लांब गेल्या होत्या. तासभर दोघी उन्हात वाकून तिसऱ्या शोधत होत्या. एखादी सापडली की लहान मुलींसारख्या ओरडायच्या. मी होडीत बसून पाहत होतो. इंदूला इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि कुठे कधी नेलंही नव्हतं.

नाखव्यांनी तिसऱ्या धुतल्या, ओलं खोबरं आणि मसाला घालून स्टोव्हवर शिजवल्या, पातेल्यात भात टाकला. वास सुटला. मग ताटल्या पुढे आल्या आणि मुसलमानाच्या हातचं खायचं की नाही, म्हणून चौघांचेही हात मांडीवरच राहिले. नाखवा समजले. ते शांतपणे म्हणाले, "नको असेल तर राहू दे. भरती चारला आहे."

विमलबाईंनी ताटली उचलली. "मला वाढा, चाचा." मग इंदूने घेतली, मग मी. साहेब आणखी पाच मिनिटं माडांकडे पाहत होते. त्यानंतर म्हणाले, "चव बघायला थोडं द्या." चव त्यांनी तीनदा पाहिली. पातेलं पुसून झाल्यावर रुमालाने मिशा टिपत ते मला हळूच म्हणाले, "गावंडे, हे यवतमाळात कुणाला सांगायचं नाही." साहेबांची आता बदली झाली आहे, म्हणून लिहितो आहे.

चारला थोडा अवकाश असताना होडीखाली पाणी कुजबुजलं आणि ती आपोआप हलली. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली, जणू कालव्याचं आवर्तन वेळेवर सोडलं गेलं होतं. राजिवड्याला उतरताना इंदूने नाखव्यांना वाकून नमस्कार केला. ते गोंधळले. "राहू दे, राहू दे, बाई. परत या. सात म्हंजे सातला या."

यवतमाळला परतल्यावर तिसऱ्या दिवशी कचेरीत चहाच्या वेळी साहेब सगळ्यांना प्रवास सांगत होते. होडी, गाळ, संकट. "आणि हे गावंडे कंबरेपर्यंत रुतले. मी फळी टाकली, हात दिला, वर ओढलं. काय गावंडे?"

बारा माणसं माझ्याकडे पाहत होती. असल्या प्रश्नाला आमच्या खात्यात एकच उत्तर असतं आणि ते मला झोपेतही देता आलं असतं. पण अंगात बनियन, फळीवर पालथा पडलेला तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून जाईना.

"नाही साहेब," मी म्हणालो. "इब्राहिम नाखव्यांनी ओढलं. तुम्ही होडी धरून बसला होता."

कुणाच्या तरी बशीत चमचा वाजला. साहेब चहा न संपवता उठून गेले.

त्या वर्षी बढती माझ्या खालच्या माणसाची झाली. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझा अनुभव असा की शहाणपण माझ्याकडे आधी भरपूर होतं. प्रवासात त्यातलं थोडं गळून पडलं, आणि तेव्हापासून कचेरीत मला झोप बरी लागते.

बढतीची यादी लागली त्या संध्याकाळी घरी येऊन इंदूला बातमी सांगितली. ती वांगी चिरत होती. तिने क्षणभर हात थांबवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुम्ही हेडक्लार्क झाला असतात तर पुढच्या खेपेलाही साहेबांनी आपल्याला बरोबर नेलं असतं."