डबीतल्या उरलेल्या गोळ्या

पडदा वर जातो. माँट्रियलमधली फेब्रुवारीची दुपार. घराबाहेरच्या लोखंडी जिन्यावर बर्फ साचलंय, आणि वाटाण्याच्या सूपचं भांडं छातीशी धरून म्हातारा ओनोरे एकेक पायरी चाचपत चढतोय. वर रोलांद राहते. ऑपेरात तो गायकांना कपडे चढवायचा, ती प्रॉम्प्टर होती, गायक अडला की हळूच पुढचा शब्द पुरवणारी. दोघांची नोकरी संपली, पण रविवारचं सूप सुटलं नाही.

आज दार उघडंच होतं. रोलांद स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. अंगात ताप, एक हात कमरेवर घट्ट.

"तिचा झगा कुठाय?" ती खेकसली. "दुसरा अंक उभा राहिला आणि तू भांडी घेऊन हिंडतोस!"

"कुणाचा झगा, बाई? आपल्याला घरी बसवून किती वर्षं झाली!"

"हळू बोल, मेल्या. प्रेक्षक ऐकतील."

भांडं खाली ठेवताना ओनोरेला वाटलं, हिचं डोकं गेलं. आता हिला वृद्धाश्रमात ठेवतील, आणि एके दिवशी ही आपल्यालाही ओळखणार नाही. त्याला 'मेल्या' म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र मान हलवली. "कालपर्यंत बऱ्या होत्या ना? मग हे डोकं जाणं नव्हे, एकाएकी आलंय; म्हाताऱ्या माणसांना जंतूंच्या तापातही असा भ्रम होतो. ताप आहे, कमरेजवळ हात लावू देत नाहीत. आधी लघवी तपासू."

लघवीत पू निघाला. "कोणता जंतू आहे आणि तो कशानं मरतो, ते त्याला प्रयोगशाळेत वाढवल्यावर कळेल," त्या म्हणाल्या. "तोवर अंदाजानं औषध देते. हा त्रास आधी व्हायचा?"

व्हायचा! ओनोरेच्या डोळ्यांपुढे प्रॉम्प्टरची ती लाकडी पेटी उभी राहिली. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाठ केलेली, एका माणसापुरती. रोलांद खालून शिडीनं तिच्यात शिरायची, ती अंक पडेपर्यंत बाहेर येणं नाही. म्हणून खेळाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. केवढाले गायक, पण शब्द अडला की सगळ्यांची नजर त्या पेटीकडे. टाळ्या त्यांना. ही अंक पडताच भिंतीला धरत संडासाकडे धावायची. "निखारे पडतात रे," म्हणत हसायचीसुद्धा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की दोन दिवसांत जळजळ थांबायची, आणि उरलेल्या गोळ्या खोकल्याच्या वड्यांच्या डबीत जायच्या. पुढच्या खेळासाठी.

ती डबी तिच्या अंगातल्या घरच्या झग्याच्या खिशातच निघाली. रिकामी. म्हणजे घरी बसल्यावरही ही सवय सुटली नव्हती.

ओनोरेनं सगळं सांगितलं, तशी डॉक्टरीणबाईंनी डबी हातात घेतली. "लघवी तुंबवली, पाणी प्यायलं नाही, की आत शिरलेले जंतू धुतले जात नाहीत. तिथेच वाढतात. मग मूत्राशयातून वर चढतात, मूत्रपिंडापर्यंत."

"शिडीनं," ओनोरे पुटपुटला.

"तसंच म्हणा. आणि अर्धवट गोळ्यांनी कच्चे तेवढे मेले. जे उरले, ते त्या गोळीला सरावले असतील."

तसंच निघालं. तपासणीचा निकाल आला तेव्हा कळलं, डबीतली गोळी आणि अंदाजानं दिलेलं औषध, दोन्ही त्या जंतूला लागू पडत नव्हती. शिरेतून दुसरं औषध सुरू झालं. ताप उतरला, रोलांदचे डोळे निवळले, पण जंतू रक्तात पोचले होते आणि मूत्रपिंडांनी हात टेकले होते.

"भेटून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ओनोरे खाटेशी वाकला. बोलायचं पुष्कळ होतं. "रोलांद, मी... मी उद्या..." पुढे शब्दच येईना. भरल्या नाट्यगृहात अडलेल्या गायकासारखा तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

तिनं त्याला ओळखलं होतं. तिचे ओठ हलले. आवाज अगदी बारीक, जुन्या सवयीचा, फक्त त्याच्यापुरता.

"'उद्या सूप घेऊन येतो.' म्हण ना, मेल्या."