भिंतीवरचे दोन स्पीकर

पद्माकर देवस्थळी यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता, आणि रक्तपाताचे चित्रपट त्यांना अतिशय प्रिय होते. दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या राज्य-अतिथीगृहात स्वागतकक्ष सांभाळताना मंत्र्यांच्या स्वीय सहायकांपासून आमदारांच्या मेव्हण्यांपर्यंत सर्वांची बोलणी त्यांनी हात जोडून ऐकली होती. गिळलेल्या त्या अपमानांचा सूड रविवारी दुपारी, गाझियाबादेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात, पडद्यावरच्या तलवारी घेत असत. मुंडकी उडत, बरगड्या मोडत, आणि पद्माकरराव समाधानाने चहा घेत.

रसशास्त्राच्या आचार्यांनी सांगून ठेवले आहे की क्रोध लौकिकात दाहक असतो, पण रंगभूमीवर तोच रौद्ररस होऊन आस्वाद्य ठरतो. कारण प्रेक्षक आणि प्रहार यांच्यामध्ये तेथे एक अंतर राखलेले असते. हे अंतर पद्माकररावांना ग्रंथांतून नव्हे, सोफ्यावरून ठाऊक होते.

शेजारच्या फ्लॅटमध्ये जयेश आणि सलोनी हे जोडपे राहायला आले, तेव्हा त्यांच्यासाठी सोसायटीत शब्द टाकला तो पद्माकररावांनीच. दिल्लीत मुरलेल्या मराठी माणसाला शेजारच्या दारावर मराठी पाटी दिसली की त्याची सारासार बुद्धी काही काळ रजेवर जाते. जयेश पाया पडे, श्रीखंड आणून देई, गणपतीत आरती खड्या आवाजात म्हणे. एवढ्यावर तो ‘आपला माणूस’ ठरला.

पद्माकररावांच्या पत्नी गिरिजाबाईंना मात्र सलोनीचे मनगट दिसले होते.

“काळंनिळं पडलंय हो तिचं. विचारलं तर म्हणते, कपाटाचं दार लागलं. कपाट काय दर आठवड्याला लागतं? एक दिवस मारून टाकील तो तिला.”

“काहीतरीच. अगं, संस्कारी घरातला मुलगा आहे. आपल्यात असलं नसतं.”

“आपल्यात हात नसतात की काय?” असे म्हणून त्या आत गेल्या. पद्माकररावांनी वर्तमानपत्र उलटले. ब्लू-रे प्लेअरची जाहिरात त्याच पानावर होती.

घरातला जुना प्लेअर अडखळू लागला होता, आणि नव्या तबकड्यांवर रक्ताचा थेंबन् थेंब वेगळा दिसतो अशी ख्याती कानावर आली होती. दुकानात गाडीने घेऊन गेला जयेश. काचेच्या त्या दालनात एकाच वेळी वीस पडद्यांवर एकच माणूस भाल्याने भोसकला जात होता.

पद्माकररावांची परीक्षा त्यांची स्वतःची होती. अंधाऱ्या प्रसंगात काळा रंग काळाच राहतो की राखाडी होतो, एवढे ते डोळे बारीक करून पाहत. एक साधासा, स्पीकरांविना एकटाच विकला जाणारा प्लेअर त्यांच्या मनात भरला. पुण्याहून आणलेल्या जुन्या नाटकांच्या व्हीसीडीही तो वाचत होता.

“काका, हा काय घेता?” जयेश हसला. “पिक्चर म्हणजे आवाज! ये वाला दिखाओ भैया, सहा स्पीकरवाला.”

विक्रेता प्रामाणिक निघाला. “सर, ये वीसीडी नहीं पढ़ेगा. और फ्लैट के लिए आवाज़ थोड़ी ज़्यादा है.”

“ज्यादा हीच तर मजा आहे! शेजारी मीच ना? माझी बिल्कुल कंप्लेंट नाही, काका. लावा दणक्यात.”

इतका दिलदार शेजारी कुणाला मिळतो, या विचाराने पद्माकररावांना गहिवरून आले, आणि त्यांनी मनात भरलेला प्लेअर फळीवर परत ठेवला.

स्पीकर बसवले तेही जयेशनेच. मागचे दोन त्याने दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीवर, स्वतःच्या ड्रिलने भोके पाडून, ठोकून दिले. त्या भिंतीपलीकडे त्याची झोपण्याची खोली होती.

मग रविवार दुमदुमू लागले. बाण कानामागून सुटत, घोडे पाठीवरून जात, आणि घायाळांचा आक्रोश थेट मानेवर येई. “ऐकलंस? अगदी भिंतीतून आल्यासारखं!” पद्माकरराव म्हणत. जयेश दुपारी आठवणीने दार वाजवी आणि फर्माइश करी, “काका, आज तोच, किल्ल्याच्या लढाईचा, हं! मी पलीकडून ऐकतोय.” एकदा चित्रपट संपत आला असता त्याने बाल्कनीतून हाक मारली होती, “काका, शेवटची लढाई पुन्हा लावा ना यार!” पद्माकररावांनी ती कौतुकाने पुन्हा लावली, आवाज आणखी चढवून.

खालच्या मजल्यावरून तक्रार गेली, तेव्हा सोसायटीचे सचिव त्यागी आले. “देवस्थळी जी, कोई औरत चीखती है, ऐसा बोल रहे हैं.”

“पिक्चर है, त्यागी जी,” पद्माकरराव अभिमानाने म्हणाले. “छह स्पीकर हैं.”

गिरिजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या त्यागींकडे नाही, नवऱ्याकडे पाहत होत्या.

ज्येष्ठातल्या एका रविवारी किल्ल्याचा दरवाजा फुटत होता. ओंडका आदळत होता, उकळते तेल ओतले जात होते, आणि एका बाईची किंकाळी खोलीभर फिरत होती. त्याच क्षणी वीज गेली. गाझियाबादेत वीज जाणे ही वार्ता नव्हे. इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहिला, पडदा काळा झाला. तसा काळा, जसा पद्माकररावांना हवा असे.

किंकाळी थांबली नाही.

ती भिंतीतून येत होती. पाठोपाठ काहीतरी मऊ वस्तू कठीण वस्तूवर आदळल्याचा आवाज आला, पुन्हा आला, आणि मुका झालेला स्पीकर खिळ्यावर हादरला. पद्माकररावांच्या हातातली बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला तो त्यांना जाणवला नाही. अंतर संपले होते.

“उठा!” गिरिजाबाई ओरडल्या.

दोघांनी शेजारचे दार मुठींनी बडवले. ते उघडले तेव्हा जयेश घामाने निथळत होता. हातात इस्त्रीची वायर दुहेरी गुंडाळलेली, बनियनवर रक्ताचे शिंतोडे. त्याने नित्याच्याच आदबीने विचारले,

“काका, पिक्चर बंद का केलात?”

आयुष्यात प्रथमच पद्माकररावांनी हात उगारला, आणि तो चुकला. जयेशने त्यांना चौकटीवर फेकले; खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच ऐकला. पडद्यावर हजारदा ऐकलेल्या आवाजापेक्षा तो फारच लहान होता. वायर तोंडावर बसली, भुवई फाटली, डोळ्यांत रक्त उतरले. तरीही खाली पडता पडता त्यांनी जयेशच्या पायांना मिठी घातली, आणि पाठीवर लाथा व फटके बसत असता ती सोडली नाही. तेवढ्यात गिरिजाबाई त्यांना ओलांडून आत गेल्या आणि सलोनीला काखेत धरून बाहेर घेऊन आल्या. तिचा जबडा वाकडा झाला होता. केसांतून रक्त गळत होते.

त्या दिवशी आवाज झाकायला काही नव्हते. सारा जिना धावून आला. त्यागींनी आणि खालच्या सरदारजींनी जयेशला जमिनीवर दाबून धरले, आणि ज्यांनी कधी काही ऐकले नव्हते त्यांनीच त्याला पोलीस येईपर्यंत तुडवले.

फौजदाराने जबानी घेतली ती इस्पितळात. “पहले तो आपने ही कहा था, पिक्चर की आवाज़ है?”

“कहा था,” पद्माकरराव म्हणाले. “ग़लत कहा था. ये भी लिखिए.” फौजदाराने एकवार वर पाहिले आणि लिहिले.

सलोनीच्या जबड्याला बांधलेली तार काढल्यावर ते गिरिजाबाईंसह तिला भेटायला गेले. एक हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्यात संत्री. ती त्यांनी तिच्या उशाशी ठेवली. मग ते म्हणाले, “पोरी, मला खरंच वाटायचं की सिनेमाच आहे.”

“माहीत आहे, काका.” तिचे शब्द अजून सांडत होते. “मला तो अख्खा पाठ झालाय. बघितला नाही कधी, पण आवाजावरून कळायचं. घोडे आले की निम्मा झाला. किल्ल्याचं दार फुटलं की शेवटची लढाई. मग शिंग वाजायचं. शिंग वाजलं की तो थांबायचा, कारण तुम्ही सेट बंद करायचात. मी शिंगाची वाट बघत पडून राहायची.”

गिरिजाबाईंनी तिचा हात हातात घेतला.

“एका रविवारी,” सलोनी म्हणाली, “शिंग वाजलं, आणि तुम्ही शेवटची लढाई पुन्हा लावलीत.”