होडीतला फोटो

"झाला फोटो. आता ठेवा हिला खाली," साहेब म्हणाले.

ठेवा म्हणाले. बसवा नाही. सामानाला म्हणतात तसं, ठेवा.

मला होडीतून काढणारे दोघं जण होते. एकानं काखेत हात घातले होते, दुसऱ्यानं गुडघ्यांखाली. माझी ओढणी निसटून पाण्यात लोंबत होती. ती सावरायला हात मोकळा नव्हता. पडू नये म्हणून मी एका अनोळखी माणसाच्या सदऱ्याची कॉलर धरली होती. काठाला होडीत चढायला एक लोखंडी पत्रा टाकलेला होता. त्यावर त्यांनी मला ठेवलं आणि ते साहेबांच्या मागं पायऱ्या चढून निघून गेले.

मला वाटलं, येतील परत.

मी झरीजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरी शेळ्या-मेंढ्या. आठवीत असताना शेळ्यांना पाला तोडायला कडुलिंबावर चढले, फांदी मोडली, पाठीवर पडले. मणका गेला. कमरेखाली पाय आहेत, पण त्यांचं मला काही कळत नाही. चिमटा घ्या, टाचणी टोचा, कळत नाही. लघवीचंही कळत नाही. वेळच्या वेळी नळी घालून काढावी लागते. हे सांगायची आधी लय लाज वाटायची. आता वाटत नाही.

चाकाच्या खुर्चीत बसून मी ब्लाऊज शिवते. मशीनला मोटार लावलीय. तिचं पायडल टेबलावर ठेवलंय, कोपरानं दाबते. गावातल्या निम्म्या बायका माझ्या हातचं घालतात. पण पडल्यापासून दवाखाना सोडून मी कुठं गेले नव्हते. लग्नाला नाही, जत्रेला नाही. एसटीच्या पायऱ्या मला लहानपणीच्याच आठवतात.

जिंतूरच्या पुढं डोंगराच्या पोटाशी एक तलाव आहे. तिथं पर्यटन सुरू करायचं ठरलं होतं. होड्या आणल्या, बाकडी टाकली, फोटो काढायला बदामाच्या आकाराची मोठी लाकडी चौकट उभी केली. उद्घाटन साहेबांच्या हस्ते होतं, आणि बॅनरवर लिहिलं होतं, 'पर्यटन सर्वांसाठी'. त्या सर्वांमध्ये एक अपंग पाहिजे होता. तो शोधायचं काम एका कार्यकर्त्याकडं होतं. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. तो आमच्या दारात जीप घेऊन आला.

माय माझ्यासोबत निघाली होती. नवं लुगडं नेसून, चपला घालून तयार. भाऊ म्हणाला, "मावशी, तुमी कशाला तरास घेता? आमची माणसं हायेत की."

माय दारातच थांबली. तिनं माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, नळी आणि मोबाईल घातला आणि ती पिशवी खुर्चीच्या मागं अडकवली.

तलावापाशी नुसत्या पायऱ्या होत्या. खाली पाण्यापर्यंत दगडी, उंच उंच पायऱ्या. उतार कुठंच नव्हता. खुर्ची वर मंडपात राहिली, पिशवी खुर्चीला राहिली, आणि मला उचलून खाली नेलं. कुणी मला विचारलं नाही. एकानं दुसऱ्याला विचारलं, "जड हाय का रे?" दुसरा म्हणाला, "खालून न्हाई, वरूनच."

मी ऐकलं. तरी गप्प बसले. कारण मला होडीत बसायचं होतं.

आणि खरं सांगते, होडी सुटली तेव्हा मी सगळं विसरले. दोन्ही बाजूंनी पाणी. हात बाहेर काढला की बोटांना लागायचं. होडीत सगळेच बसलेले असतात, कुणीच उभं नसतं. मी सगळ्यांएवढीच होते. मी हसले. मोठ्यानं हसले. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. साहेब म्हणाले, "वळवा आता." आमची होडी काठापासून फार लांब गेलीच नव्हती.

मग त्यांनी मला पत्र्यावर ठेवलं.

उन्हाळ्याचे दिवस होते. परभणीकडचं ऊन कसं असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. वर मंडपात भाषण झालं, टाळ्या झाल्या, मग गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. एकेक करत ते आवाज लांब गेले. मी हाक मारली, "भाऊ." मग, "ओ दादा." मग नुसतं, "कुणी हाय का?"

होडीवाला तेवढा तिथं होता. वयस्क माणूस. दोर बांधून तो माझ्यापाशी आला.

"बाई, तुमची माणसं कुठं गेली?"

"माझी नव्हती ती," मी म्हणाले.

तो वर जाऊन बघून आला. मंडपवाल्यांनी प्लास्टिकच्या खुर्च्यांसोबत माझी खुर्चीही टेम्पोत घातली होती, टेम्पो गेला होता. माझी पिशवी गेली. फोन गेला. नळी गेली. घरचा नंबर पाठ होता, पण त्याच्याकडंही फोन नव्हता. मला निदान सावलीत घ्या, मी म्हणाले. तो हात पुढं करायचा आणि मागं घ्यायचा. "मी एकटा कसा उचलू? बाईमाणूस हायसा," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला दोष देत नाही. ज्यांना लाज नव्हती त्यांनी उचललं होतं. ज्याला होती तो उचलू शकत नव्हता.

मी कोपरांवर रेटून सरकायला बघितलं. पत्रा हाताला चटके देत होता, म्हणून मी हात उचलून मांडीवर घेतले. हात उचलले. बाकीचं अंग तिथंच होतं. ते मला ओरडून सांगू शकत नव्हतं.

मग लघवी झाली. मला आधी कळलंच नाही. पत्र्यावरून पाण्याकडं ओघळ गेला तेव्हा दिसलं. होडीवाल्यानं ते बघितलं. त्यानं डबड्यात तलावाचं पाणी घेतलं, माझ्या अंगावर, आजूबाजूला, सगळीकडं ओतलं आणि पाठ फिरवून बसला. सगळंच ओलं झालं. आता कुणी आलं तरी कळणार नव्हतं. मी तेव्हा रडले. ते साहेब गेले तेव्हा रडले नव्हते.

म्हशी धुवायला दोन बायका आल्या, त्यांनी मला ओढत सावलीला नेलं. त्यातल्या एकीच्या फोनवरून मी घरी लावलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाऊला फोन केला. ऊन उतरायला लागल्यावर जीप आली. ड्रायव्हर खाली येऊन माझ्याकडं बघत म्हणाला, "आरं, ह्या राहिल्याच की."

घरी मायनं माझे कपडे काढायला घेतले आणि ती थांबली. सलवार कातडीला चिकटली होती. माय ओरडली नाही. खाली जमिनीवर बसली. मग आबांना म्हणाली, "हिला भाजलंय. लेकरू भाजलंय आन तिला मालूम न्हाई."

परभणीच्या दवाखान्यात मेलेलं कातडं कापून काढलं. घरी आल्यावर पोटावर पडून राहायचं. बसायचं नाही, पाठीवर व्हायचं नाही. पावसाळा मी असा पोटावर काढला. शेतात कापूस फुटला तरी मी पोटावरच. मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं. बायका आपापली कापडं परत घेऊन गेल्या, जाताना चांगलंच बोलल्या, पण गेल्या. खुर्ची कधीतरी परत आली. एक चाक वाकलेलं.

त्या दिवसांत शेजारच्या काकू पेपरचं कात्रण घेऊन आल्या. त्यांनी ते कौतुकानं जपून ठेवलं होतं. "बघ की, किती ग्वाड आलाय फोटू."

मी उशीवरून मान वर करून बघितलं. होडी, पाणी, साहेब, आणि मी हसतेय. खाली छापलं होतं, दिव्यांग भगिनीनं घेतला नौकाविहाराचा आनंद.

मला ते खोटं आहे असं म्हणता येत नव्हतं. मी हसले होतेच. तेच मला सोसलं नाही. माझं एवढं एक खरं हसू, तेही त्यांच्या कामाला आलं.

हिवाळ्यात भाऊ पुन्हा आला. तेव्हा मी थोडं थोडं बसायला लागले होते. बाजेवर बसून त्यानं चहा घेतला.

"ताई, मागच्या टायमाला जरा गडबड झाली," म्हणाला. "आता मोठा कार्यक्रम हाय. तुमचा सत्कार ठेवलाय. साहेबांनी नाव घेऊन सांगितलंय."

मी विचारलं, "पायऱ्यांच्या बाजूनं उतार केलाय का?"

"ते पुढच्या टप्प्यात हाय."

"मग मीबी पुढच्या टप्प्यात येते."

भाऊ हसला. मग माझ्याकडं बघायचं सोडून आबांकडं वळला. "मामा, तुमी समजावा तिला. तुमच्या घरकुलाचंबी साहेब बघतो म्हणलेत."

आबा कैक दिवस घरकुलासाठी खेटे घालत होते. पावसात आमच्या घरात बसायला कोरडी जागा राहत नाही, माझी बाज हिकडून तिकडं ओढावी लागते. भाऊ गेल्यावर आबा म्हणाले, "जा बाई. मोठ्या माणसाला न्हाई म्हणू न्हाई." मी नाही म्हणाले. आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. भाकरी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

शेवटी मी म्हणाले, "जाते. पण माय संगं येईल. आन मी खुर्चीतनं उठणार न्हाई."

त्यांनी फक्त पहिला शब्द ऐकला. त्यांच्या तोंडावर उजेड आला. मला वाईट वाटलं, तरी पुढचं मी पुन्हा समजावून सांगितलं नाही.

तलावावर त्याच पायऱ्या होत्या. रंग दिला होता. मी पायऱ्यांच्या तोंडाशी खुर्ची थांबवली आणि दोन्ही चाकांचे ब्रेक लावले. चार पोरं आली. एकानं न विचारता काखेत हात घातला.

"हात काढ," मी म्हणाले.

तो म्हणाला, "पडत न्हाई ताई, भिऊ नका."

"भीत न्हाई. हात काढ."

त्यानं भाऊकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "ताई, साहेब वाट बघायलेत खाली." मी चाकं गच्च धरली. दुसरा माझ्या पायांकडं वाकला, आणि तेवढ्यात माय मधी आली. माझी माय परक्या माणसासमोर तोंडावरचा पदर काढून बोलत नाही. ती हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिच्या अंगाला हात लावू नगा. मागच्या टायमाला भाजून आणून दिलं व्हतं तुमी."

कुणीतरी मोबाईल वर केला होता, तो खाली घेतला. भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, इथं तमाशा नको." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमच्यासारख्यांमुळंच कुणाचं भलं होत न्हाई."

कार्यक्रम काही थांबला नाही. त्यांनी गंगाखेडकडचा एक म्हातारा आणलाच होता, उसाच्या गाडीखाली पाय गेलेला. कुबड्या बाजूला ठेवल्या, त्याला उचललं, शाल घातली, होडीत बसवलं. फोटो झाला. होडी काठाकाठानं गेली आणि वळली. मी वरून बघत होते. पाणी चमकत होतं. मला त्या होडीत बसायचं होतं, आजही बसायचंय. हे मी कुणापासून लपवत नाही.

म्हाताऱ्याला वर आणून माझ्याजवळच्या बाकड्यावर टेकवलं. त्याचा श्वास लागला होता. मी विचारलं, "बाबा, कसं व्हतं पाणी?"

"कुठं बघितलं," तो म्हणाला. "हिकडं बघा, तिकडं बघा, फोटूच चालू व्हते." मग म्हणाला, "बरं केलंस पोरी. मला न्हाई म्हणायला जमलं न्हाई."

परतीला आम्हाला जीप मिळाली नाही. मायनं खुर्ची ढकलत डांबरी रस्त्यापर्यंत आणली आणि एका मालाच्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून आम्ही घरी आलो. त्यात मला उचलावंच लागलं. पण त्या माणसानं आधी विचारलं, "कसं धरू?"

घरकुल मिळालं नाही. आबा एवढंच म्हणाले, "घालवलंस." पावसात बाज ते अजून ओढतात, न बोलता. उतार झालेला नाही. तलावावर सुट्टीच्या दिवशी गर्दी असते म्हणतात.

मी पुन्हा जाणार आहे. बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. जिथं खुर्ची अडते तिथं बसणार आहे, पायऱ्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या वाटेत. मला वळसा घालून त्यांना खाली उतरावं लागेल. फोटोत मी आले तर तशीच येईन, बिनहसरी, वर अडकलेली. उचलून कुणी मला खाली नेणार नाही, आणि उचलून कुणी बाजूलाही करणार नाही. हात लावायच्या आधी मला विचारावं लागेल. आणि उतार होईपर्यंत मी 'नाही'च म्हणणार आहे.